मिस ब्रेकवॉटरची आठ पानं

१

खणात झिरझिरीत कागद तेवढे उरले होते. आठ कागद, कडेला कड जुळवून एकावर एक ठेवलेले. त्यांच्याखाली जी आठ चित्रपानं असायला हवी होती, ती नव्हती.

"दुपारी बाराला मी स्वतः पाहिली!" लेनी गेल्ब ओरडत होता. "हॅल होता, बेंबरी होता, दोघांना दाखवली आणि याच हातांनी खण बंद केला. आता दोन वाजता उघडतो तर हे!"

रीवा पोलन्स्की नुकतीच लिफ्टमधून बाहेर पडून दारात उभी होती. अंगातला कोटसुद्धा तिने अजून उतरवला नव्हता. चोपन्न वर्षांची, बुटकी, जाड भिंगाचा चष्मा लावणारी बाई. तीस वर्षं तिने कॉमिक्समध्ये अक्षरं भरली होती. चित्रकार चित्रं काढून नामानिराळे होत. पात्रांच्या तोंडच्या फुग्यांत एकेक अक्षर हाताने लिहायचं ते रीवाने. आजही जुन्या पानांवरची पुसट अक्षरं दुरुस्त करायलाच लेनीने तिला बोलावलं होतं.

'हार्बर कॉमिक्स' लेनीच्या वडिलांनी १९४० साली न्यूयॉर्कच्या याच मजल्यावर सुरू केलं होतं. चौसष्ट पानं, सहा महानायक, दहा सेंट. पोलादी टपालवाला होता, आंधळा वैमानिक होता, आणि नवव्या अंकापासून मिस ब्रेकवॉटर आली. ही बाई नुसती उभी राहिली की समुद्र तिच्यापाशी थांबायचा. युद्धात कागद मिळेना म्हणून पानं घटली, १९४९ला मासिकच बंद पडलं. आता, १९७३ साली, तेव्हाची पोरं बाप झाली होती आणि त्यांना ते अंक पुन्हा हवे होते. लेनीने जाडजूड संग्रह काढायला घेतला होता. गुरुवारी पानं छापखान्यात जायची होती, आणि मंगळवारी संग्रहातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, हॅल डोव्हरच्या नावाने छापलेली मिस ब्रेकवॉटरची पहिली गोष्ट, नाहीशी झाली होती.

"गरम आहे, जरा टेकवते," म्हणत रीवाने हातातला कॉफीचा पेला जवळच्या उतरत्या चित्रफळ्याच्या कडेवर ठेवला.

"तिथे नको!" फिलोमिना मँकुसो एकदम कडाडली.

रीवा दचकली. फिलोमिना इथे बत्तीस वर्षं कापणं-चिकटवणं करत होती आणि तिचा आवाज चढलेला रीवाने एकदाही ऐकला नव्हता. फिलोमिनाही ओशाळली. डाव्या हातातली कात्री खाली ठेवून, बाहीला चिकटलेला पट्टीचा तुकडा टोपलीत टाकून तिने पेला खिडकीत नेऊन ठेवला. "कालच नवा कागद लावलाय फळ्यावर," ती पुटपुटली. खरंच, फळ्यावर कोरा करकरीत तपकिरी कागद होता, चारी बाजूंनी पांढऱ्या पट्टीने चिकटवलेला.

"बेंबरीच!" लेनीने टेबलावर थाप मारली. "लिफ्टवाला सांगतोय, दीडनंतर तो परत वर आला होता. टोपी विसरली म्हणे! काखेत ती काळी सपाट बॅग होतीच."

"आणखी कोणी आलं होतं?" रीवाने विचारलं.

"हॅल आला होता त्याच्या जरा आधी, चष्मा न्यायला. पण हॅल स्वतःचीच पानं कशाला चोरेल? मी जेवायला बाहेर होतो. फिलोमिना सव्वाला सँडविच आणायला खाली गेली होती. मी पोलिसांना फोन करतो."

"लेनी, तो शाळामास्तर आहे. दारात पोलीस उभे राहिले की उद्या खरं काहीही निघो, त्याची नोकरी गेलीच म्हणून समज. आणि तो काळा आहे. त्याचं कोण ऐकून घेणार?"

"मग काय करू म्हणता? आरती ओवाळू त्याची?"

"उद्या दुपारी बारापर्यंत थांब. तुझ्या वडिलांसाठी मी किती शनिवार घालवलेत, आठवतंय ना? त्यातला एक परत दे."

लेनीने फोनवरचा हात काढला. "बारा म्हणजे बारा, मिसेस पोलन्स्की. बारा वाजून एक मिनिट झालं की मी फोन फिरवणार."

२

क्लिफर्ड बेंबरी न्यूयॉर्कच्याच क्वीन्स उपनगरात, जमेका नावाच्या भागात राहत होता. दार त्यानेच उघडलं. रीवाला पाहताच तो जिन्याकडे बघत म्हणाला, "एकट्याच आलात? लेनीने फोनवर माझ्यावर आळ घेतलाय. मला वाटलं, सोबत गणवेशातले दोघं असतील."

"उद्यापर्यंत तरी नाहीत. आत घेतोस का?"

खोलीभर अंकांचे गठ्ठे होते. हार्बर कॉमिक्सचा इतिहास तो सहा वर्षं लिहीत होता. कोणता नायक कोणी काढला, कोण युद्धावर गेला, कोण परत आलाच नाही, सगळं. लेनीच्या संग्रहाची प्रस्तावना हॅलची होती, पण मागचा इतिहास क्लिफर्डचा.

"मामाचं न्हाव्याचं दुकान होतं, तिथे हे अंक पडलेले असायचे," तो म्हणाला. "माझी पाळी लांबावी म्हणून मी म्हाताऱ्यांना पुढे सोडायचो. मामा म्हणायचा, काय सभ्य पोरगं आहे! आणि सभ्य पोरगं आपलं मिस ब्रेकवॉटर वाचतंय."

रीवा हसली. "तुझी काळी बॅग दाखव."

त्याने ती मुकाट्याने टेबलावर ठेवली. रीवाने पर्समधून टेप काढून ती मोजली आणि मान हलवली. हल्लीचे चित्रकार लहान कागदावर काढतात, बॅग त्या मापाची होती. १९४१ची पानं चांगली वीतभर जास्त उंच असत.

"यात ती मावणार नाहीत," ती म्हणाली.

"दुमडून?"

"तो पुठ्ठ्यासारखा कागद असतो. दुमडला तर शाई तडकते. जो माणूस वरचे झिरझिरीत कागद घडी न पडता परत खणात ठेवतो, तो पानं दुमडेल? आणि बाजूच्याच खणात मुखपृष्ठाची मूळ चित्रं होती, बाजारात त्यांना जास्त भाव आहे. त्यांना हातही लागलेला नाही. ज्याने कोणी नेली, त्याला एवढीच आठ पानं हवी होती आणि त्यांच्यावर त्याचा जीव होता."

क्लिफर्ड खुर्चीत बसला. इतका वेळ तो उभाच होता.

"बारा वाजता पानं पाहताना काही झालं होतं का?" रीवाने विचारलं.

"काही नाही. लेनीने दुरूनच दाखवली, आणि मी म्हटलं, पाठीमागे पेन्सिलीने काही टिपलेलं असतं बऱ्याचदा, दुपारनंतर पाठ बघू द्याल का? हॅल म्हणाला, पाठ कोण बघतं, चित्र बघा. सगळे हसले."

"सगळे?"

"हो. म्हणजे, ती कात्रीवाली बाई काही हसली नाही."

जाण्यापूर्वी रीवाने त्याच्याकडचा नववा अंक मागून घेतला. इतक्या वर्षांत तिने तो उघडला नव्हता. दिव्याखाली धरून, पर्समधलं भिंग काढून तिने मिस ब्रेकवॉटरचं पहिलं पान पाहिलं. मग दुसरं. मग पुन्हा पहिलं.

"काय झालं?" क्लिफर्डने विचारलं.

"हॅलच्या प्रत्येक गोष्टीत अक्षरं मी भरली आहेत," रीवा सावकाश म्हणाली. "पहिल्या अंकापासून. पण ही माझी नाहीत. ही गोष्ट माझ्याकडे आलीच नव्हती. अक्षरं भरूनच आली होती. तो शनिवार मोकळा मिळाला म्हणून मी सिनेमाला गेले होते. कोणी भरली, हे मी विचारलंसुद्धा नाही."

३

बुधवारी सकाळी हॅल डोव्हर रेशमी गाऊनमध्येच तिला सामोरा आला. साठीचा, अजून देखणा. जन्माचं नाव हर्शेल होतं, पण ते आठवणारी आता जवळजवळ एकटी रीवाच उरली होती.

"रीवा, पोरी! तीस वर्षांत तू एक इंचही वाढली नाहीस."

"आणि तू एक वर्षही. कलप कुठला लावतोस?"

तो मनापासून हसला. कॉफी आली. मग त्याने न विचारताच ते सुरू केलं: उन्हाळ्यातले ते दोन दिवस, स्वयंपाकघरातलं टेबल, एका दमात काढलेली आठ पानं. प्रस्तावनेत हेच लिहिलं होतं. रीवाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आणि अक्षरं?"

"तीही मीच भरली."

"मग या कागदावर माझ्यासाठी एक ओळ लिहून दे. मोठ्या अक्षरांत लिही, तेव्हासारखी. माझ्या नातीला दाखवेन."

हॅलने उजव्या हातात टाक घेऊन झोकात ओळ लिहिली. रीवाने क्लिफर्डकडून आणलेला नववा अंक शेजारी ठेवून भिंग लावलं. टाकाने रेघ ओढायला सुरुवात होते तिथे शाईचा बारीकसा थेंब साचतो. हॅलच्या आडव्या रेघांत तो डाव्या टोकाला होता. छापलेल्या गोष्टीत, पहिल्या पानापासून आठव्यापर्यंत, प्रत्येक आडव्या रेघेचा थेंब उजव्या टोकाला होता.

"हॅल, ही अक्षरं डावखुऱ्या माणसाची आहेत. आणि फुगे आधी आखून, त्यांच्याभोवती चित्र काढलंय. जो अक्षरं भरतो तोच चित्रही काढतो, तेव्हाच असं जमतं. तुझ्या बाकीच्या गोष्टींत मला कायम कोपऱ्यात कोंबून लिहावं लागायचं. ही तुझी नाही."

हॅलने टाक खाली ठेवला.

"बारा वाजता लेनी बेंबरीवर पोलीस घालणार आहे," रीवा म्हणाली. "त्याने काही केलेलं नाही. तू सांगणार असशील तर आत्ता सांग."

हॅलच्या चेहऱ्यावरचा देखणेपणा एकाएकी उतरला. "काल मी चष्मा न्यायला गेलोच नव्हतो," तो म्हणाला. "चष्मा खिशातच होता. त्या मास्तराने पाठ बघायचं म्हटलं आणि माझी पाचावर धारण बसली. मागे काय लिहिलंय ते मला माहीत आहे. पुसून टाकावं म्हणून गेलो होतो."

"आणि पुसलंस?"

"कसं पुसणार? मी खण उघडला तेव्हा तो रिकामा होता. माझ्याआधीच कोणीतरी येऊन गेलं होतं."

४

पण त्याच्याआधी कोणी आलंच नव्हतं. लिफ्टवाल्याने रीवाला छातीवर हात ठेवून सांगितलं. बारा ते दोनमध्ये बाहेरचे दोघंच वर आले, आधी हॅल आणि मागून बेंबरी.

म्हणजे बाहेरून कोणी येण्याची गरजच पडली नव्हती.

अकरा वाजले होते. लेनी आपल्या खोलीत दार लावून फोनवर कोणावर तरी डाफरत होता. फिलोमिना खिडकीजवळच्या लहान मेजावर कागदाच्या पट्ट्या कापत बसली होती. स्वतःचा मोठा फळा सोडून. रीवा तिच्यासमोर स्टूल ओढून बसली.

"मी मूर्ख आहे," रीवा म्हणाली. "काल सगळ्यांची नावं घेतली, तुझं घेतलं नाही. तू इथे इतकी वर्षं आहेस की खिडकी, कपाट, फिलोमिना, असंच मोजतो आम्ही."

कात्री थांबली.

"तू सव्वाला खाली गेलीस. लेनी साडेबारालाच गेला होता. पाऊण तास तू एकटी होतीस. हॅल आला तेव्हा पानं खणात नव्हती. बाहेर नेण्याएवढी मोठी बॅग कोणाकडेच नव्हती, तुझ्याकडेही नव्हती. आणि काल दुपारी तुझ्या फळ्यावर मी पेला टेकवला तर तू माझ्यावर ओरडलीस. कागद आदल्या दिवशी लावला म्हणालीस, पण पट्टीचा ताजा कापलेला तुकडा तुझ्या बाहीला चिकटलेला होता, तो आत्तासुद्धा तुझ्या टोपलीत अगदी वरच पडलाय. हे मी कोर्टात नाही सांगणार. फक्त एक विचारते. अक्षरं तुझीच ना?"

फिलोमिनाने कात्री डाव्या हातातून मेजावर ठेवली. मग उठून फळ्याकडे गेली, नखाने पांढरी पट्टी सोडवली आणि तपकिरी कागद वर उचलला.

आठही पानं तिथे होती, सपाट, सुखरूप. पहिलं पान तिने पालथं केलं. पेन्सिलीने लिहिलं होतं: *फिलोमिना मँकुसो, वय एकोणीस. परत हवं आहे.*

"म्हातारे गेल्ब चांगलं बोलले माझ्याशी," ती म्हणाली. "म्हणाले, पोरी, तुझ्या हातात जादू आहे. पण मुलीने काढलेलं मुलं विकत घेणार नाहीत. हॅलचं नाव घालू, तुला इथे कामाला घेऊ. वडील वारले होते, मागे तीन भाऊ होते. मी हो म्हटलं. वाटलं, वर्षभराने दुसरं काढेन."

"काढलं नाहीस?"

"बारा गोष्टी काढल्या. घरी आहेत. दाखवायची हिंमत झाली नाही." तिने डोळे पुसले, पण आवाज ढळू दिला नाही. "सोमवारी लेनीने प्रस्तावना आणून दिली. म्हणाला, शीर्षकपान तू आख, तुझी अक्षरं छान असतात. म्हणजे हॅलचं नाव मीच लिहायचं, रीवा! माझ्याच हाताने! आणि काल हॅल म्हणाला, पाठ कोण बघतं. मला पानं चोरायची नव्हती गं. ती त्या नावाखाली पुन्हा एकदा जायला नको होती, एवढंच. त्या मास्तरावर नाव जाईल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. बारा वाजता मी स्वतःच सांगणार होते."

"मला खरं तर बत्तीस वर्षांपूर्वीच विचारायला हवं होतं," रीवा म्हणाली. "अक्षरं माझी नाहीत हे मला तेव्हाही दिसत होतं."

तेवढ्यात लिफ्टचं दार वाजलं. दारात हॅल उभा होता आणि त्याच्यामागे, टोपी हातात धरून, क्लिफर्ड बेंबरी. हॅलनेच त्याला फोन करून बोलावून घेतलं होतं.

५

लेनी खोलीतून बाहेर आला, फळ्यावरची पानं पाहिली आणि त्याला आधी हायसं वाटलं, मग राग आला. "फिलोमिना? तू? आमचं मीठ खाऊन—"

"बस कर, लेनी," हॅल म्हणाला. "तिचं मीठ आपण खाल्लंय. तुझ्या बापाने आणि मी."

त्याने ते उभ्याउभ्याच सांगितलं, काही न गाळता. सांगताना तो फिलोमिनाकडे बघत नव्हता. शेवटी म्हणाला, "आणि काल मी ते नाव पुसायला आलो होतो. हिने आधी काढून ठेवली म्हणून माझ्या हातून ते पाप झालं नाही."

लेनी पालथ्या पानावरचं पेन्सिलीचं अक्षर पुन्हापुन्हा वाचत राहिला. वडिलांचा फोटो त्याच्या खोलीत टेबलावर असायचा. सगळ्यांना वाटलं, आता तो वकिलाचं नाव काढणार. त्याने काढलंही. "वकिलाला चक्कर येईल," तो म्हणाला. मग क्लिफर्डकडे वळला. त्याचे कान लाल झाले होते. "मिस्टर बेंबरी, काल मी तुमच्याबद्दल जे बोललो... फोन हातात घेतला होता मी. मला माफ करा."

क्लिफर्डने टोपी मेजावर ठेवली. "माफीचं नंतर बघू," तो म्हणाला. "आधी मला इतिहास नीट लिहू द्या. नवव्या अंकाचं प्रकरण पूर्ण नव्याने, कोणाला सांभाळून न घेता."

लेनीने मान डोलावली.

"आणि प्रस्तावना फाडून टाका," हॅल म्हणाला. तो फिलोमिनासमोर येऊन उभा राहिला. आता त्याला तिच्याकडे बघावंच लागलं. "लोक मला भेटले की एकच विचारायचे, ही बाई सुचली कशी? दर वेळी मी नवीन काहीतरी ठोकून द्यायचो. एकदा तर स्वप्नात आली म्हणालो. बत्तीस वर्षं मला स्वतःला ठाऊक नाही. तुला... तुला सांगावंसं वाटलं तर सांग. कशी सुचली?"

फिलोमिनाने पालथं पान सरळ केलं. रीवाला वाटलं, ती नाही म्हणेल, आणि तो तिचा हक्कच होता.

"अडतीस सालचं वादळ आठवतं?" फिलोमिना म्हणाली. "आम्ही लाँग आयलंडवर होतो, किनाऱ्यालगत, लाकडी घरात. बाबा बोटीवर होते. पाणी आलं ते हळूहळू नाही, एकदम भिंतीसारखं आलं. आईने आम्हा चौघांना टेबलावर उभं केलं आणि स्वतः दाराला पाठ लावून उभी राहिली. कमरेपर्यंत पाणी. दार धाडधाड हलत होतं. ती या रीवाएवढी होती, बुटकी. इटालियनमध्ये समुद्राला अशा शिव्या देत होती की माझा धाकटा भाऊ भीती विसरून हसायला लागला. चार तास. पाणी ओसरल्यावर तिला दारापासून बाजूला करायला दोन शेजारी लागले, पाय हलेनात तिचे. मला तेव्हा खरंच वाटलं होतं की समुद्र तिला घाबरून परत गेला."

क्लिफर्डने वही काढली होती, पण तो लिहीत नव्हता.

"शिव्या कोणत्या होत्या?" हॅलने हळूच विचारलं.

"त्या छापता येणार नाहीत," फिलोमिना म्हणाली, आणि बत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्या कचेरीत ती खळखळून हसली.

लेनीने छापखान्याला फोन करून एक दिवस मागून घेतला. पलीकडून बरीच बोलणी खाल्ली, पण दिवस मिळाला. मग त्याने शीर्षकपानाचा कोरा कागद आणून फळ्यावर ठेवला आणि विचारलं, "घरी आणखी बारा गोष्टी काढून ठेवल्यास, मिसेस पोलन्स्की सांगत होत्या... म्हणजे, ठेवल्यात. सोमवारी घेऊन याल?"

"बघू," फिलोमिना म्हणाली. "आधी हे होऊ दे."

तिने दोन बारीक रेघा आखल्या. टाक शाईत बुडवला आणि क्षणभर तसाच धरून ठेवला.

"नाव कसं लिहू, रीवा? नुसतं एफ. मँकुसो?"

"सगळं लिही," रीवा म्हणाली. "जागा भरपूर आहे."